नसलेल्या स्टेशनचा आवाज

खोकं उघडायला तिने कात्री उचलली, आणि खोक्यावरचा फोटो पाहिल्यावर कात्री तशीच हातात राहिली.

“ताई,” तिने आतल्या खोलीकडे बघत हाक मारली, “गोडबोल्या आलाय.”

शिलाई मशीनची खडखड थांबली. “कुठे? दारात?”

“खोक्यावर.”

थोरली बहीण गळ्यातली मोजपट्टी सावरत बाहेर आली. टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं होतं, साबणाच्या दोन वड्या मावतील एवढं. त्यावर एका छोट्या शॉर्टवेव्ह रेडिओचं चित्र, आणि चित्राशेजारी पांढऱ्या केसांचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. खाली छापलं होतं : ‘चाळीस वर्षं दूरदेशीचे आवाज टिपणाऱ्या तज्ज्ञाने स्वतः पारखलेला.’

“अजून मेला नाही वाटतं,” ताई म्हणाली.

“मेला असता तर मला फार वाईट वाटलं असतं,” ती म्हणाली, आणि कात्रीचं टोक बरोबर त्या हसण्याखाली घालून तिने खोकं फाडलं.

शॉर्टवेव्हवर लांबलांबची स्टेशनं ऐकणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. दर दोन महिन्यांनी त्यांचं पत्रक निघायचं, आणि बाजारात नवा रेडिओ आला की तो पारखून त्याबद्दल लिहायचं काम तिच्याकडे असायचं. लेखाखाली सही असायची ‘ससाणा’. मंडळातले लोक तिला ससाणाबाई म्हणत. तिचा लेख वाचल्याशिवाय खिशात हात न घालणारे बरेच होते, आणि कंपन्यांनाही ते माहीत होतं.

सही अशी का, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. ऑफिसात सतरा वर्षं तिला ‘बहिरी’ म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, मग इतक्या सवयीने की म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटेनासं झालं. पत्रकात पहिला लेख देताना नाव काय लावू, असा प्रश्न आला तेव्हा तिने त्या शिवीतला पक्षी, बहिरी ससाणा, तेवढा उचलला.

ते ऑफिस म्हणजे सरकारी श्रवण केंद्र. समुद्राकाठच्या टेकडीवर एक बैठी इमारत, मागे तारांचे उंच खांब, आत हेडफोन लावून बसलेले सहा जण. दूरदूरच्या केंद्रांवरून येणारे हवामानाचे इशारे ऐकायचे, उतरवायचे आणि बंदरांना कळवायचे, हे त्यांचं काम. खरखरीच्या ढिगाऱ्यातून एखादा आकडा अलगद वेचून काढण्यात तिचा हात कुणी धरत नसे. खुद्द सुपरवायझरच तसं म्हणायचा. त्याच्या जिभेवर सदा साखर, म्हणून त्याला गोडबोल्या हे नाव पडलं होतं. चहा आणायला सांगायचा तोसुद्धा असा, की आणणाऱ्याला आपला सत्कार झाल्यासारखं वाटावं.

एका पहाटे पाच चाळीसला एका लांबच्या बेटावरून वादळाचा इशारा आला. पाळी गोडबोल्याची होती. तो साडेचारलाच खुर्ची सोडून घरी झोपायला गेला होता. तिची पाळी सहाला सुरू व्हायची. ती पोचली तेव्हा सेट चालू, हेडफोन टेबलावर, वही कोरी. इशारा न कळल्यामुळे बंदरातून होड्या बाहेर पडल्या होत्या. संध्याकाळी सगळ्या परत आल्या, पण एका होडीतला एक माणूस कमी होता.

चौकशी लागली. गोडबोल्याने पाळ्यांचा तक्ता नव्याने लिहिला आणि त्यात तिला पहाटे चारपासून बसवलं. वर अगदी कळवळून सांगितलं, “बाईंचा दोष नाही हो. गेले काही महिने त्यांना कमी ऐकू येतंय. माझंच चुकलं, मी दया दाखवली.” कानांची तपासणी झाली. तपासणाऱ्याला आधीच काय सांगितलं होतं ते देव जाणे, पण ‘डावा कान निकामी’ असा कागद तयार झाला. तिची बदली भांडारात झाली. पेनं, फायली, फडकी, साबण मोजून द्यायचं काम.

बदलीच्या आदल्या दिवशी त्या बुडालेल्या माणसाची बायको केंद्रावर आली होती. कुणीतरी तिला लांबून बोटाने दाखवलं, “ती बघा, तीच.” ती बाई आली, समोर उभी राहिली. नुसती बघत राहिली, आणि गेली.

बाकी सगळं एक वेळ तिने गिळलं असतं. ते बघणं गिळता आलं नाही. पुढे तिने स्वतः जाऊन तीन ठिकाणी कान तपासून घेतले, तिन्हीकडे उत्तम. तिन्ही कागद तिने वर पाठवले. तिन्ही फायलीत गेले. नोकरीला हात लागू नये म्हणून ती मूग गिळून बसली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली तेव्हा कुणाची भीडभाड उरली नव्हती, फक्त संधी नव्हती. आता ती पुठ्ठ्याच्या खोक्यातून चालत घरी आली होती.

“काय करणार?” ताईने विचारलं.

“पारखणार. असा पारखणार की त्याला पळता भुई थोडी होईल.”

तीन आठवडे घरातलं सगळं वेळापत्रक रेडिओच्या ताब्यात गेलं. पहाटे ती गच्चीवर जायची, कारण त्या वेळी आणि दिवेलागणीला लांबचे आवाज सगळ्यांत चांगले येतात. एका हाताला नवा सेट, दुसऱ्या हाताला स्वतःचा जुना, विटेएवढा जड सेट, ज्याच्यावर तिचा जिवापाड भरवसा होता. दोन्हींवर तेच स्टेशन लावायचं आणि वहीत लिहायचं : कुठे आवाज आधी बुडतो, कुठे शेजारचं स्टेशन घुसतं, काटा सरकवताना सेट मध्येच श्वास रोखतो का. मग स्वयंपाकघरात, फ्रिजच्या गुणगुणीत. मग खिडकीबाहेर सात मीटर तार सोडून. मग ताईच्या मशीनशेजारी.

“ताई, पाच मिनिटं मशीन चालव.”

“काल म्हणालीस बंद कर!”

“काल शांततेत ऐकायचं होतं. आज त्रासात ऐकायचंय.”

पहिला आठवडा संपला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. रेडिओ चांगला होता. चांगला म्हणजे खरोखर चांगला. शर्टाच्या खिशात मावणारा जीव, पण हातभर अँटेनावर असे बारीक आवाज ओढून आणत होता की जुन्या सेटनेही मान खाली घालावी. स्पीकर लहान असून बोलणं स्वच्छ. बॅटरी चार दिवस पुरली. बटणं अंधुक उजेडातही बोटांना सापडत होती. ती दातओठ खात सगळं वहीत मांडत गेली.

“चांगलाच निघाला तर काय करशील?” ताईने जेवताना विचारलं.

“चांगलं लिहीन. आणि मग भिंतीवर डोकं आपटीन.”

“थोडं वाईट लिही. कोण बघायला येतंय?”

ती ताईकडे बघतच राहिली. “मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? त्याने खोटं लिहून मला बुडवलं. मी त्याला खऱ्याने बुडवणार. खोट्याने बुडवलं तर मजा काय?”

अकराव्या दिवशी सकाळी तिला ते सापडलं. आकडे १०९४० वर होते. त्या जागी कधीच काही नसायचं, आणि तिथे एक बाई खणखणीत आवाजात बातम्या सांगत होती. नवं स्टेशन! क्षणभर तिलाही आनंद झाला. मग तिने जुना सेट त्याच आकड्यावर नेला. नुसती फुसफुस. तिने कान टवकारले. हा आवाज ओळखीचा होता. नवा सेट ११८५० वर नेला, तर तीच बाई, तेच वाक्य.

दोन आकड्यांमधलं अंतर नऊशे दहा. ती खुर्चीत मागे टेकली आणि कितीतरी वर्षांनी मनापासून हसली.

आतली एक पायरी गाळून सेट स्वस्तात आणि बारीक बनवला, की जोरदार स्टेशन आपल्या जागेवर लागतंच, शिवाय नऊशे दहा किलोहर्ट्झ खाली पुन्हा एकदा लागतं. जागा खोटी, आवाज खरा. जुनी ऐकणारी माणसं त्याला भूत म्हणतात. स्वस्त सेटात भुतं असायचीच, त्यात कुणाला फाशी द्यावी असं काही नव्हतं. पण तिने खोकं पुन्हा पाहिलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘एका बटणात साठाहून जास्त स्टेशनं.’ तिने ते बटण दाबलं. सेट आपोआप धावत गेला, सापडेल ते साठवत गेला, आणि चौसष्टवर थांबला. तिने चौसष्टच्या चौसष्ट ऐकली. एकोणीस भुतं होती. गोडबोल्याने भुतांची शिरगणती करून खोक्यावर छापली होती.

माहितीपत्रकावरच्या नंबरावर तिने फोन लावला. एका तरुण मुलीने उचलला. आपण हा सेट बनवणारी इंजिनीअर, असं तिने सांगितलं.

“बाळ, एकच विचारते. नऊशे दहा खालची भुतं तुला माहीत आहेत का?”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, “मी तुमच्याकडे येऊ का?”

दुसऱ्या दिवशी ती आली. पाठीवर सॅक, नखं कुरतडलेली. पाण्याचा पेला हातात तसाच धरून तिने सगळं सांगून टाकलं. तिच्या मूळ आराखड्यात ती पायरी होती. सल्लागारसाहेबांनी काढायला लावली. “म्हणाले, सेट दोन मिलिमीटर जाड होतो. मी भुतांबद्दल सांगितलं तर हसले. म्हणाले, बेटा, गिऱ्हाईक आकडा वाचतं, आवाज नाही ऐकत. वाढली तर वाढू दे स्टेशनं.” तिने मान खाली घातली. “काकू, तुम्ही हे लिहिलंत तर साहेबांना काही होणार नाही. आराखड्यावर सही माझी आहे.”

ससाणाबाईंनी पेन खाली ठेवलं. आराखड्यावर सही. पाळ्यांचा तक्ता. तोच माणूस, तोच हात.

“मूळ आराखडा आहे तुझ्याकडे?”

“आहे.”

“जपून ठेव. तुझा सेट मी बुडवत नाही. सेट गुणी आहे. मला माणूस बुडवायचाय.”

पत्रकाचा संपादक आणि मंडळाचा सेक्रेटरी एकच होता. तो श्रवण केंद्रातच खांबांची आणि तारांची देखभाल करायचा, म्हणून सगळे त्याला तारवाला म्हणत. मंडळात तिला त्यानेच आणलं होतं. हा रेडिओही त्यानेच तिच्याकडे पाठवला होता. तिने त्याला फोन केला. “माझा लेख उशिरा येईल. मेळाव्यात कंपनी सेट दाखवणार आहे ना? त्यानंतर.”

“तो येणार आहे,” तारवाला हळूच म्हणाला. “तुला चालेल ना?”

“चालेल? दोन खुर्च्या पुढच्या ठेव.”

मेळावा वाचनालयाच्या वरच्या सभागृहात, सकाळी अकराला होता. साठेक माणसं, टेबलावर नव्या रेडिओंची रांग, खिडक्यांतून बाहेर सोडलेल्या तारा. गोडबोल्या आला. केस पिकले होते, साखर तशीच होती. पहिल्या रांगेत सगळ्यांशी हात मिळवत तो तिच्यापाशी आला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, “तुमच्यासारख्या भगिनी या छंदात आहेत, केवढा आनंद!” आणि पुढे गेला.

त्याने तिला ओळखलंच नव्हतं.

ताईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिचा चेहरा पाहून ताईने हात काढून घेतला.

गोडबोल्याने छान भाषण केलं. बटण दाबलं. आकडे धावले. लोक आकड्यांबरोबर मोजत गेले. सेट अठ्ठावन्नवर थांबला तेव्हा टाळ्या पडल्या. आकडे धावत होते तेव्हाच तिने नऊशे दहाच्या जोड्या वहीत टिपून घेतल्या होत्या.

ती उठली. “अठ्ठाविसावं स्टेशन लावता का?”

“अवश्य! आपल्यासाठी काहीही.” बातम्या सांगणाऱ्या बाईचा आवाज सभागृहात घुमला.

“आता एकतिसाव्याचा आकडा शेजारच्या सेटवर लावा.”

तोच आवाज. दोन सेट, दोन आकडे, एकच बाई. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

गोडबोल्या डगमगला नाही. “अहो बाई, मोठी केंद्रं एकच कार्यक्रम दोन ठिकाणांहून देतात. नव्या माणसाला गोंधळायला होतं.”

“देतात. पण दोन ठिकाणांहून आलेले आवाज वेगवेगळे बुडतात. एक खाली जातो तेव्हा दुसरा वर असतो. हे दोन्ही ऐका.” सगळे गप्प झाले. आवाज बारीक झाला. दोन्ही सेटांवर एकदमच बारीक झाला, आणि एकदमच मोठा झाला. जणू एकाच गळ्याला दोन तोंडं फुटली होती. “अंतर नऊशे दहा. आणि हा माझा जुना सेट, तुमच्याच तारेवर, त्याच आकड्यावर.” तिने तार जोडली. फुसफुस. “अठ्ठाविसावं स्टेशन नाहीच. अठ्ठावन्नातली सोळा नाहीत. मी मागच्या तीन आठवड्यांत एकूण एक ऐकलीत. तुम्ही एक तरी ऐकलंत का?”

सभागृहात खुर्च्या सरकल्या. टेबलामागे उभी असलेली इंजिनीअर मुलगी पांढरीफटक पडली होती.

गोडबोल्याच्या कपाळावर घाम आला. पण सवयीची साखर त्याच्या जिभेवर आलीच. कळवळून तो म्हणाला, “बाई, राग मानू नका. वयोमानाने होतं. आपण कधी कान तपासून घेतलेत का?”

हे वाक्य तो स्वतःहून बोलेल, असं तिने स्वप्नातही मागितलं नव्हतं.

“घेतलेत,” ती म्हणाली. “तुम्हीच तपासायला लावले होते. एकोणीस वर्षांपूर्वी. डावा कान निकामी, आठवतं? मी बहिरी.”

त्याने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. रंग उतरत जाताना ती बघत होती. तिने पापणीसुद्धा लववली नाही. एक क्षणही वाया घालवायचा नव्हता.

“तो... तो वेगळा विषय आहे,” तो पुटपुटला. “त्या दिवशी सेटवर कोण होतं, हे तक्त्यात—”

“तुम्ही होतात.”

आवाज मागून आला. दाराशी तारवाला उभा होता. हातातले चहाचे कप त्याने खिडकीत ठेवले. “साडेचारला तुम्ही बाहेर पडलात. फाटक मी उघडलं. तुम्ही म्हणालात, बोलू नकोस. मी बोललो नाही.”

खाली बघत गोडबोल्याने आपली बॅग उचलली आणि रांगेमधून निघाला. वाट द्यायला कुणी पाय आखडून घेतले नाहीत. त्याला प्रत्येकाच्या गुडघ्यांवरून अडखळत जावं लागलं.

“आभार मान की त्याचे,” ताई कुजबुजली. तारवाला तिच्याचकडे बघत होता, डोळे भरलेले.

ती त्याच्यापर्यंत चालत गेली. “एकोणीस वर्षं,” ती म्हणाली. “माझ्या शेजारी बसून चहा प्यायलास.” आणि जिना उतरून गेली.

लेख पुढच्या पत्रकात आला. त्यात सेटच्या गुणांची दोन पानं होती, भुतांचं एक, आणि पायरी आराखड्यात होती पण सल्लागाराने काढायला लावली, हे नावानिशी, एका ओळीत. इंजिनीअर मुलीने आपला मूळ आराखडा मालकांपुढे ठेवला होता, त्यामुळे ती ओळ कुणाला खोडता आली नाही. खोक्यावरचा फोटो गेला. वर्षभराने सेटची नवी आवृत्ती निघाली, दोन मिलिमीटर जाड, ‘एका बटणात एकेचाळीस स्टेशनं.’ मुलीने स्वतः आणून दिली. ससाणाबाईंनी एकेचाळीसच्या एकेचाळीस ऐकून मगच तिला चहा विचारला.

गोडबोल्या गावातून दुसरीकडे, लेकीकडे राहायला गेल्याचं कळलं. त्याचं एक पत्र आलं. पहिल्या ओळीत ‘आदरणीय भगिनी’ वाचून तिने ते बाजूला सारलं. पुढे काय लिहिलंय ते ताईने वाचलं आणि सांगू का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली.

“शांत झालीस का गं?” ताईने विचारलं.

“नाही. पण झोप छान लागते.”

तारवाला दोनदा दारात येऊन गेला. दोन्ही वेळा ती आत असून बाहेर आली नाही. तिसऱ्यांदा तिने दाराच्या फटीतून सांगितलं, “त्या सकाळचं सगळं लिही. स्वतःच्या नावाने. पत्रकात छाप. एक प्रत बंदरावर, त्या बुडालेल्या माणसाच्या घरी जाऊन स्वतःच्या हाताने दे. मग बघू.”

त्याने चार पानं लिहून आणली. तिने ती उभ्याउभ्याच वाचली. वेळ गाळली होती, साडेचारच्या जागी त्याने ‘पहाटे’ एवढंच लिहिलं होतं, आणि स्वतः फाटक उघडल्याचं वाक्य ‘फाटक उघडलं गेलं’ असं झालं होतं. तिने लाल पेनाने दोन्हींखाली रेघ ओढली आणि कागद त्याच्या हातात परत दिले.

“पुन्हा लिही,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.